बदलीवाल्यांची गल्ली शोधा

तुम्ही विचारलंत ते असं: तुम्ही मूळचे सोलापूरचे, मिसेस नागालँडच्या, दिमापूरकडच्या. मुलगी ६ वर्षांची. तुमचं काम घरून, लॅपटॉपवर. मिसेस नर्स आहेत. पुण्यात चार वर्षांत तीन घरं सोडावी लागली, एकदा 'स्वयंपाकाचा वास येतो' म्हणून आणि दोनदा कारण न सांगता. आता कोकणात किनाऱ्याजवळ राहायचं आहे, भाडं १२ हजारांच्या आत हवं, आणि गाव असं हवं की मुलीला रस्त्यात कुणी 'चिनी' म्हणून हाक मारणार नाही.

शेवटच्या अटीचं उत्तर आधी देतो, कारण बाकी सगळं तिच्यावर उभं आहे. कुणीच तसं म्हणणार नाही असं गाव या किनाऱ्यावर नाही. पण कुणी म्हटलंच तर शेजारची बाई दारातून बाहेर येऊन त्या पोराचा कान धरेल, अशा गल्ल्या आहेत, आणि त्या शोधता येतात.

मी २६ वर्षं रत्नागिरी, चिपळूण, खेड या पट्ट्यात भाड्याची घरं बघून देतो. मी स्वतः कोकणी मुसलमान. माझ्या मुलीला शिक्षणासाठी एका मोठ्या शहरात खोली हवी होती, तेव्हा फोनवर माझी मराठी ऐकून 'या, या' म्हणणारे चार घरमालक नाव कळल्यावर 'कालच गेली हो जागा' म्हणाले. परतीच्या एसटीत ती रात्रभर खिडकीबाहेर बघत बसली होती आणि काय बोलावं ते मला सुचत नव्हतं. तुमचा प्रश्न मी नुसता धंद्याच्या नजरेने वाचलेला नाही.

कोकणात माणसांची सरमिसळ जुनी आहे. अलिबागेत इस्रायल आळी आहे. बेने इस्रायली, म्हणजे इथले मराठी बोलणारे ज्यू लोक, शतकानुशतकं रायगडच्या गावांत तेलाचे घाणे चालवत होते, शनिवारी घाणा बंद म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणत, आणि त्यांची आडनावं किहीमकर, पेणकर, नवगावकर अशी गावांवरूनच पडली. रेवदंड्यापलीकडे कोर्लईत ख्रिस्ती कुटुंबं घरात अजून पोर्तुगीज वळणाची त्यांची वेगळी बोली बोलतात. मुरुड-जंजिऱ्यात आफ्रिकी वंशाच्या सिद्दी नवाबांचं राज्य १९४८ पर्यंत होतं. बाणकोट, दाभोळ, खेड, चिपळूण, राजापूर इथे आमचे मोहल्ले आहेत आणि आम्ही घरात बोलतो ती कोकणी मराठीच. रत्नागिरी जिल्ह्यात साधारण दर नऊ माणसांत एक मुसलमान आहे.

एवढं वाचून लोक भुलतात, आणि इथेच चूक होते. ही सरमिसळ बाजारात आहे, होडीवर आहे, शाळेच्या बाकावर आहे; घरांची मात्र वाटणी झालेली आहे. ब्राह्मणआळी वेगळी, मोहल्ला वेगळा, भंडारवाडा वेगळा, बौद्धवाडी गावाच्या कडेला. ज्या महाडात २० मार्च १९२७ ला चवदार तळ्याचं पाणी प्यायला सत्याग्रह करावा लागला, तिथून माझं गाव फार लांब नाही, आणि चांगल्या पगाराच्या बौद्ध शिक्षकाला 'आडनाव काय?' या एका प्रश्नावर परत पाठवलेलं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. शेजारी म्हणून दोनशे वर्षं सुखाने नांदलेल्या दोन घराण्यांतली माणसंसुद्धा एकमेकांना खोली भाड्याने देताना अडखळतात. तुम्ही तर कुठल्याच आळीचे नाही. जुनं मिश्र गाव तुमच्याशी गोड बोलेल आणि 'तुमच्या लोकांची वस्ती कुठे आहे?' असं विचारेल. ती वस्ती नाहीच, म्हणून प्रश्न.

म्हणून माझा सल्ला असा की गावात जाती-धर्म किती हे मोजत बसू नका. गावात बदलीवाले किती आहेत ते बघा. बदलीवाले म्हणजे कलेक्टर कचेरी, कोर्ट, बँका, महावितरण, कोकण रेल्वे, कॉलेज, इस्पितळ इथे तीन-चार वर्षांसाठी येणारी आणि जाणारी माणसं. जिथे ती राहतात तिथल्या घरमालकाने बिहारी बँक मॅनेजर पाहिलेला असतो, मल्याळी सिस्टर पाहिलेली असते, लातूरचे तलाठी आणि ओडिशाचे इंजिनियर पाहिलेले असतात. त्याला पगाराची स्लिप वाचता येते. नव्या माणसाचं त्याला नवल राहिलेलं नाही आणि भीतीही नाही. त्याच गावात, एक किलोमीटरवर, ज्याच्या वाड्यात तीन पिढ्या परका राहिलेला नाही असा मालक असतो. गाव एकच असतं, पण दोन्ही घरांतला अनुभव सारखा येत नाही.

ही गल्ली ओळखायची माझी जुनी युक्ती म्हणजे किराणा दुकान. कोपऱ्यावरच्या दुकानात संध्याकाळी जा, काहीतरी घ्या, आणि महिन्याच्या खात्यावर माल मिळतो का ते विचारा. दुकानदार उधारीची वही उघडेल. आत डोकवायची गरज नाही, तो बोलायला लागला की आपोआप कळतं: वरच्या मजल्यावरचे यादव, रेल्वेतले नायर, कोर्टातले कांबळे, शेख मॅडम. जिथे वहीत चार-पाच तऱ्हेची नावं आहेत आणि दुकानदार त्यांना माणसांसारखं आठवतो, तिथे घर बघा. जिथे तो 'आमच्याकडे सगळे आपलेच' म्हणतो, तिथून नमस्कार करून निघा.

आता गावं. तुमच्यासाठी माझी पहिली पसंती रत्नागिरी शहर. जिल्ह्याचं ठिकाण, २०११ च्या जनगणनेत ७६ हजारांच्या आसपास वस्ती, तटरक्षक दलाचा तळ, फिशरीज कॉलेज, २०२३ मध्ये सुरू झालेलं सरकारी मेडिकल कॉलेज. नाचणे, कुवारबाव, खेडशी, मारुती मंदिराच्या मागचा भाग, हा सगळा बदलीवाल्यांचा पट्टा. गेल्या वर्षभरात मी लावून दिलेली दोन बेडरूमची घरं या भागात ९ ते १३ हजारांत गेली; एक बेडरूमचं ६ ते ८ हजारांत मिळतं. कुवारबाव रेल्वे स्टेशनच्या बाजूला आहे, समुद्र तिथून रिक्षाने. समुद्र दिसणारं घर मागू नका. त्याचे पैसे वेगळे पडतात, आणि खाऱ्या वाऱ्याने दोन पावसांत फ्रिजची जाळी खाल्ली जाते.

रत्नागिरीबद्दल अजून एक सांगायला हवं. ब्रह्मदेशाचा थिबा राजा १८८६ ते १९१६ इथे नजरकैदेत होता आणि इथेच वारला. पुढे कुटुंब परत गेलं, पण थोरली राजकन्या रत्नागिरीला परतली. तिने इथल्याच मराठी माणसाशी संसार मांडला होता. तिची मुलगी पुढे रत्नागिरीतच राहिली, मराठी बोलली, इथलीच झाली. तिचे दिवस हलाखीत गेले, हेही खरं, त्यामुळे याची गोड गोष्ट करून मी सांगणार नाही. पण तुमच्या लेकीच्या चेहऱ्याची एक बाई या गावाने शेजारीण म्हणून पाहिली आहे, आणि जुनी माणसं तिच्याबद्दल आपुलकीनेच बोलतात.

आज मात्र तशा चेहऱ्याकडे बघून लोकांना पहिल्यांदा आठवतो तो नेपाळी. हापूसच्या बागा राखायला आणि मिरकरवाडा बंदरातल्या होड्यांवर खलाशी म्हणून नेपाळी माणसं वर्षानुवर्षं येतात. वहिनींना पहिल्या महिन्यात दहा जण तरी 'तुम्ही नेपाळच्या का?' असं विचारतील. बहुतेकांचा हेतू वाईट नसतो. पण यात एक अडचण आहे, ती स्पष्ट सांगतो: नेपाळी म्हणजे बागेतला गडी, असं समीकरण कित्येकांच्या डोक्यात पक्कं असतं, आणि गड्याशी बोलायची भाषा एकेरी असते. वहिनींनी पहिल्या दिवसापासून मराठीत, मोडक्यातोडक्या का होईना, उत्तर द्यावं. 'मी सिस्टर आहे, अमक्या इस्पितळात' एवढं वाक्य पुरतं. कोकणात नर्सला मान आहे, आणि एकदा गल्लीतल्या कुणा म्हातारीचं बीपी तपासलं की पुढची ओळख ती म्हातारीच करून देते. हा मान नेपाळी बाईलाही तितकाच मिळायला हवा, तो मिळत नाही, याचं मला दुःख आहे. पण तुम्हाला आता घर हवं आहे म्हणून जे आहे ते सांगतो. मुलीची काळजी मला त्यामानाने कमी वाटते. आंब्याच्या गावांतल्या शाळांत नेपाळी मुलं बसतात आणि तीन वर्षांत माझ्यापेक्षा अस्सल कोकणीत भांडतात. शाळा बघायला जाल तेव्हा मुख्याध्यापिकेला एवढंच विचारा: बाहेरून आलेली मुलं किती, आणि चेहऱ्यावरून कुणी चिडवलं तर तुम्ही काय करता? ज्या बाई 'आमच्याकडे असं होतच नाही' म्हणतील त्यांच्यापेक्षा ज्या एखादा घडलेला प्रसंग सांगतील त्यांची शाळा घ्या.

दुसरं गाव चिपळूण. वहिनींच्या नोकरीच्या दृष्टीने ते रत्नागिरीपेक्षा सरस ठरू शकतं, कारण सावर्ड्याजवळ डेरवणला वालावलकर इस्पितळ आणि त्याचं मेडिकल कॉलेज आहे. लोटे-परशुरामच्या केमिकल कंपन्यांमुळे परप्रांतीय माणूसही गावाच्या सवयीचा आहे. पण चिपळुणात घर बघताना आधी पाण्याची रेघ बघायची. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत पहिल्या मजल्याशी टेकलं होतं. त्याआधी २००५ चा पूरही लोक विसरलेले नाहीत. कमी भाड्याचं तळमजल्याचं घर दाखवलं की मी स्वतः भिंतीला हात लावून विचारतो, पाणी कुठवर आलं होतं? तुम्हीही विचारा, आणि मालकाला विचारण्याआधी शेजाऱ्याला विचारा. त्या पुरात मशिदीतून, देवळातून, कुणाच्याही घरातून सगळ्यांना जेवण गेलं. ते मी पाहिलं आहे, आणि चिपळूणचं नाव घेताना ते आठवतं. तरीही तळमजला घेऊ नका.

तिसरा पर्याय खाली सिंधुदुर्गात, कुडाळ-ओरोस किंवा सावंतवाडी. ओरोस हे जिल्ह्याचं ठिकाण सरकारी कचेऱ्यांसाठीच वसवलेलं, म्हणजे जवळजवळ सगळे बदलीवाले. तिथे २०२१ पासून सरकारी मेडिकल कॉलेज आहे, आणि पडव्यालाही खासगी मेडिकल कॉलेज आहे. सावंतवाडी, वेंगुर्ला, मालवण या भागात कॅथलिक वस्ती जुनी आहे. सिंधुदुर्गचा स्वतंत्र धर्मप्रांत २००५ मध्ये झाला आणि बिशपांचं ठिकाण सावंतवाडी. तुम्ही लिहिलंत की मिसेस बॅप्टिस्ट आहेत. नागा पद्धतीची प्रार्थना त्यांना या गावांत मिळणार नाही, त्यासाठी गोवा. कुडाळहून गोव्यातल्या थिवीला रेल्वेने तासाभराचा प्रवास, आणि गोव्यात ईशान्येकडची बरीच मुलं-मुली हॉटेलांत, दुकानांत नोकरीला आहेत. महिन्यातून एक रविवार आपली भाषा कानावर पडणं ही त्यांची गरज असेल, तर भाड्याच्या हिशोबाआधी हा हिशोब करा. मी यावर तुमच्या वतीने मत देणार नाही. हा प्रश्न वहिनींना एकट्या असताना विचारा, 'चालेल ना?' असा विचारू नका.

दापोलीला कोकण कृषी विद्यापीठामुळे इतर राज्यांतली मुलं दिसतात, हवा उत्तम, माणसं चांगली. पण रेल्वेसाठी खेडला उतरून घाट चढावा लागतो, इस्पितळातल्या नोकऱ्या मोजक्या, आणि शनिवार-रविवारी गाव पर्यटकांचं असतं. अलिबाग तुमच्या बजेटमधून गेलं. २०२० ला मुंबईहून मांडव्याला गाड्या नेणारी रो-रो बोट सुरू झाली, २०२४ ला अटल सेतू आला, आणि मालकांना महिन्याच्या भाड्यापेक्षा दोन रात्रींचं भाडं गोड वाटायला लागलं. तोच धोका गणपतीपुळे, गुहागर, मुरुड, हर्णै, तारकर्ली या सगळ्या ठिकाणी आहे: मे महिना आला की भाडेकरूला 'महिनाभर गावी जाऊन या' म्हणतात.

खेडेगावात, वाडीत, लाल मातीच्या अंगणाचं घर ५ हजारांत मिळतंय म्हणून जाऊ नका. निदान पहिली दोन वर्षं नाही. गावाचा कारभार गावकीवर चालतो. शिमग्याची पालखी कुणाकडे कधी, वर्गणी किती, विहिरीचा पंप कुणाच्या वेळेत, हे सगळं पिढ्यानपिढ्या ठरलेलं असतं आणि त्यात भाडेकरूला जागा नाही. कुणाशी वाद झाला तर तो तुमच्या आणि त्याच्यात राहत नाही, गाव त्यात येतं. कोकणात, विशेषतः रायगडात, वाळीत टाकण्याची प्रकरणं इतकी झाली की राज्याला २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा करावा लागला. तो जुलै २०१७ पासून लागू आहे, शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. कायदा चांगला आहे. पण पाणी बंद झाल्यावर पोलीस चौकी गाठायची वेळ तुमच्यावर का यावी?

पैशांचं बोलतो. कोकण स्वस्त आहे हे अर्धंच खरं. भाडं पुण्याच्या निम्मं, पण माझ्या भाडेकरू सिस्टर सांगतात की खासगी इस्पितळात पगारही पुण्याच्या निम्म्याच्या आसपास. भाजी घाटावरून, कोल्हापुरातून येते, त्यामुळे महाग. जून-जुलैत मासेमारी बंद असते, तेव्हा ताजा मासा परवडत नाही. एप्रिल-मेमध्ये बऱ्याच भागांत नळाला एक दिवसाआड पाणी. बिल्डिंगला बोअर आहे का, टँकरचे पैसे कोण भरतं, हे करारात येऊ द्या. तुमचं काम घरून आहे, म्हणून इन्व्हर्टर आणि दोन वेगळ्या कंपन्यांचं नेट धरूनच हिशोब करा. पावसात एकदा झाड तारेवर पडलं की दिवस जातो. तुमचा पगार पुण्याचा राहिला तर तुम्ही इथे सुखात राहाल. दोघांनीही इथल्या पगारावर अवलंबून राहायचं असेल तर निघण्याआधी वहिनींची नोकरी लेखी हातात घ्या.

जेवणाच्या बाबतीत मला वाटतं तुम्हाला पुण्यापेक्षा बरं जाईल. ज्या गावात सुकट, सोडे, खारवलेला बांगडा उन्हात वाळतो, तिथे नागा स्वयंपाकातल्या सुक्या मासळीच्या आणि आंबवलेल्या सोयाबीनच्या वासाचं फारसं काही वाटत नाही. पावसाळ्यात बांबूचे कोवळे कोंब बाजारात येतात, वहिनींना ते बघून घरचं वाटेल. डुकराच्या मांसाचं मात्र आधीच स्पष्ट करा. आमच्या लोकांच्या घरात ते चालणार नाही, हे मी मुसलमान म्हणूनच सांगतो. बऱ्याच हिंदू मालकांनाही नको असतं. घरात शिजणार असेल तर मालक ख्रिस्ती असावा किंवा दुसऱ्या गावी राहणारा असावा, आणि त्यालाही माहीत असावं. लपवून राहिलात की रोज खिडकी लावून जेवायची वेळ येते. पुण्यात तुम्ही ते केलंय.

याच कारणाने वहिनींचं पूर्ण नाव पहिल्याच फोनवर सांगा. पूर्वी मी स्वतः 'पार्टी चांगली आहे, फॅमिली आहे' एवढंच सांगून लोकांना घर दाखवायला नेत असे, वाटायचं की समोर आल्यावर मालक नाही म्हणणार नाही. म्हणायचा नाहीही, पण अकरा महिन्यांनी करार वाढवायचा नाही. एका केरळच्या सिस्टरला माझ्यामुळे असं दोनदा सामान हलवावं लागलं. तेव्हापासून नाव, गाव, धर्म, खाणं, सगळं आधी सांगतो. दहातले सहा मालक तिथेच गळतात. उरलेल्या चार घरांत माणसं टिकतात.

करार नोंदणीकृतच हवा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे लेखी करार आणि त्याची नोंदणी ही मालकाची जबाबदारी आहे. 'आपल्यात कशाला कागद' म्हणणाऱ्याला हे सांगा. पोलीस ठाण्यात भाडेकरूची माहिती देण्याचा फॉर्म मालकासोबत स्वतः जाऊन भरा. चौकीतल्या माणसाने वहिनींना एकदा समोर बघितलेलं बरं असतं. आणि मालक मुंबईत राहणारा चाकरमानी असेल तर गणपती, शिमगा आणि मे महिना यांचं काय, ते करारात लिहून घ्या. एक खोली त्याच्या कुलपात राहणार असेल तर तेवढं भाडं कमी करून मागा. हे मागताना संकोच करू नका, इथे सगळे मागतात.

ठरवण्याआधी एकदा जुलैत या. ऐन पावसात, कामाच्या दिवशी, मुलीला घेऊन. दिवसा मी घरं दाखवीन, पण संध्याकाळी सहा ते आठ मला सोबत घेऊ नका. कुवारबावच्या नाक्यावर तिघं चालत जा, भाजी घ्या, वडापाव खा, किराण्याच्या दुकानात उभे राहा. कोण कसं बघतं, कोण आपणहून बोलतं, ते तुम्हाला कळणार नाही, वहिनींना कळेल. रात्री लॉजवर आधी त्यांना बोलू द्या. त्या नको म्हणाल्या तर ते घर मी दुसऱ्याला देईन आणि तुमच्यासाठी पुढचं बघेन.